मनाची पुस्तकं आणि बांधावरचं दुःख

आमच्या टेमघरात पूर्वी पुस्तक म्हणजे पोथी. श्रावणात कुणाच्या तरी ओटीवर 'हरिविजय' नाहीतर 'पांडवप्रताप' लागायचा. वाचणारा एक आणि ऐकणारे वीस-पंचवीस. पुस्तक एकट्यानं, मनातल्या मनात, आणि तेही स्वतःच्या दुखण्यावर उतारा म्हणून वाचायचं असतं, ही गोष्ट गावात फार उशिरा आली. आली तेव्हा गाव गावासारखं राहिलं नव्हतं. आता घरोघरच्या पोरांच्या टेबलावर अशी पुस्तकं दिसतात. चिंता सोडा, मन शांत ठेवा, निसर्गाजवळ जा. मीही ती वाचतो. चांगली वाटतात, उपयोगी पडतात. पण वाचता वाचता एक प्रश्न मला अडवतो. ही पुस्तकं ज्याला दुःख म्हणतात ते आणि आमच्या बांधावरचं दुःख एकच आहे का? आणि जे दुःख खरं आहे, ते बरं करावं की नाही?

प्रश्न हवेतला वाटू नये म्हणून आधी गाव सांगतो. कल्याणहून भिवंडीकडे येताना रस्त्याला लागून टेमघर आहे. आता ते भिवंडी शहरातच धरलं जातं, आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात आमच्या नावाचं स्थानकही आहे. बाहेरच्या माणसाला टेमघर माहीत असतं ते पाण्यामुळे. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी इथं येतं, गाळलं जातं, शुद्ध होतं आणि मोठमोठ्या जलवाहिन्यांतून भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरकडे जातं. या योजनेचं 'स्टेम' हे नावच शहाड आणि टेमघर या दोन नावांवरून पडलं आहे. एका अंगाला हे पाणी, दुसऱ्या अंगाला यंत्रमागांची खटखट. आणि तालुक्यात जिकडे पाहाल तिकडे गोदामं. मुंबईची जकात चुकवून माल साठवायला भिवंडी तालुका सोयीचा पडला, हमरस्ते जवळ होते, म्हणून भाताच्या खाचरांवर पत्रे चढले. पुढे जकात गेली, गोदामं राहिली आणि वाढली.

त्याआधी इथं भात होतं. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगात पेरणी, आषाढात चिखलणी आणि आवण उपटून लावणी. भात कापून झालं की उरलेल्या ओलीवर वाल. पहिल्या पावसाला शेवळं आणि काकडं, मग टाकळा, कुरडू, कंटोळी. खाडीकडची माणसं निवट्या आणि चिंबोऱ्या घेऊन यायची. हे आठवलं की गळा दाटतो, पण आठवणीला साखर लावायची नाही. गुडघाभर चिखलात पाय कुजायचे, फुरशाची भीती असायची, पावसानं दगा दिला की सावकाराचं दार होतं. गाव काही संत नव्हतं. वलगणीला चढणारे मासे गाभोळीसकट पकडले जायचे आणि राबासाठी झाडं खोडापर्यंत खरवडली जायची. तेव्हा आम्ही निसर्गावर प्रेम करत होतो असं मी म्हणणार नाही. प्रेम हा शब्दच तिथं नव्हता. आम्ही त्याच्यात होतो, एवढंच.

माझे थोरले काका या भातातले शेवटचे. भावांच्या वाटण्या झाल्या, पोरांची शिक्षणं, एका मुलीचं लग्न, आणि चहूकडून भराव पडल्यानं शेताचा पाण्याचा वाटच बुजलेला. जमीन गेली. विकणाऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं, पण ज्या पैशानं घरावर स्लॅब पडला आणि मुली कॉलेजात गेल्या, तो पैसाही खराच होता. व्यवहारात कुणी काकांना फसवलं नाही. तरी पुढच्या जूनमध्ये काका आजारी पडले. आजार म्हणजे ताप नाही, खोकला नाही. झोप गेली. पाऊस पडायला लागला की उठून ओटीवर बसायचे आणि अंधारात रस्त्याकडे बघत राहायचे. जेवण अर्ध्यावर सोडायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला. कुणी म्हणालं, वय झालं. कुणी म्हणालं, पैसा आला आणि काम गेलं की असंच होतं.

त्यांच्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, मनावरची दोन-तीन पुस्तकं आणली. एकात लिहिलं होतं की रोज थोडा वेळ निसर्गाच्या सान्निध्यात घालवा. त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काका म्हणाले, "अरं पोरा, मी कुठं जाऊ निसर्गाजवल? मी तिथूनच उठून आलोय ना!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पण पुस्तकांवर अन्याय नको. निसर्गाजवळ जा, हा सल्ला कुणाच्या मनाला आलं म्हणून दिलेला नाही. रॉजर उलरिच नावाच्या अमेरिकी संशोधकानं 1984 साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण त्यानं नोंदींवरून तपासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. त्याच वर्षी एडवर्ड विल्सन या मुंग्यांच्या अभ्यासकाचं 'बायोफिलिया' हे पुस्तक आलं. माणसाला सजीव सृष्टीची ओढ जन्मजातच असते, असं त्याचं म्हणणं. जपानच्या वनखात्यानं तर 1982 पासूनच लोकांना 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, करायला सांगितलं होतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्यानं 1989 च्या पुस्तकात मांडलं की कामात एकवटून दमलेलं लक्ष झाडापानांत आपोआप विसावतं. हे सगळं मला पटतं. आमच्या आजीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण भांडण झालं की ती परड्यात जाऊन भाजी निसत बसायची, आणि परत यायची ती निवळूनच.

मग अडतं कुठं? अडतं ते खिडकीत. उलरिचचा रुग्ण खाटेवर आहे आणि झाड बाहेर आहे. जपानी माणूस शहरातून जंगलात जातो, मन धुऊन घेतो आणि परत येतो. या पुस्तकांत निसर्ग बहुतेक वेळा असाच येतो, पलीकडे उभा असलेला आणि आपल्याला काहीतरी देणारा. औषधासारखा. रोज इतकी मिनिटं, जेवणाआधी किंवा नंतर. औषधाशी आपलं नातं काय असतं? गुण आला की बाटली फेकतो. काकांचं शेत हे त्यांचं औषध नव्हतं. ते शेताकडे बघत नव्हते, शेतातून जगाकडे बघत होते. पाऊस कधी पडणार, हा त्यांच्यासाठी हवामानाचा प्रश्न नव्हता; आपण उद्या काय करणार, याचं ते उत्तर होतं. ते उत्तर गेलं. त्याच्या जागी बागेतली पंधरा मिनिटं देऊन कसं भागेल?

या दुःखाला एक नाव आहे, हे मला बऱ्याच उशिरा वाचायला मिळालं. ग्लेन अल्ब्रेक्ट हा ऑस्ट्रेलियातला तत्त्वज्ञ. तिथल्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी भोवतालची जमीन ओरबाडली गेली, तेव्हा तिथली माणसं गाव न सोडताच गावासाठी झुरत होती. परदेशी गेलेल्याला घराची आठवण येते, त्याला शब्द होता. पण घरातच बसलेल्याला घराची आठवण येते, त्याला नव्हता. अल्ब्रेक्टनं 2003 मध्ये तो घडवला, 'सोलास्टाल्जिया'. शब्द जड आहे, आमच्या ओटीवर चालणार नाही. पण वाचून बरं वाटलं. काकांचं वय झालं नव्हतं, डोकं फिरलं नव्हतं. त्यांना घरात बसून घराची आठवण येत होती.

आता खरी अडचण. मराठीत मनावरची जी पुस्तकं घरोघर पोचली, त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी अल्बर्ट एलिस हा माणूस आहे. 1955 च्या सुमारास त्यानं आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली. डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. आमच्या शेजारच्या ठाण्यातले डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनातून आणि व्याख्यानांतून ती सामान्य वाचकापर्यंत आली. तिचा गाभा सरळ आहे. घटना आपल्याला जेवढी पाडते, त्याहून जास्त त्या घटनेविषयीची आपली समजूत पाडते. समजूत तपासा, भावना बदलेल.

हे वाचून मी आधी चिडलो. म्हणजे शेत गेलं हे दुःख नाही, शेत गेलं असं 'समजणं' हे दुःख? मग गोदामवाल्याला, भराववाल्याला, नदीत सांडपाणी सोडणाऱ्याला किती बरं! माणसं आपापली समजूत तपासत घरी बसतील आणि कामवारी काळी होत राहील. जगात काहीतरी बिघडलं म्हणून माणूस रडतो आणि आपण त्याच्या डोळ्यांवर उपचार करतो, असा हा प्रकार वाटला.

पण पुढे नीट वाचलं तर एलिस तसं म्हणत नाही. तो भावनांच्या दोन रांगा करतो. दुःख वेगळं, नैराश्य वेगळं. काळजी वेगळी, चिंता वेगळी. जे जिव्हाळ्याचं होतं ते गेलं म्हणून दुःख होणं त्याला निरोगीच वाटतं. तो बोट ठेवतो ते त्याच्या पुढच्या वाक्यावर. काकांकडे ही दोन्ही वाक्यं होती. पहिलं वाक्य : "जमीन गेली, वाईट झालं." दुसरं वाक्य : "चार पिढ्यांची जमीन माझ्या हातून गेली, म्हणजे मी नालायक, आता मी उरलो कशाला?" पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खरं नाही. चार भावांच्या वाटण्या, बुजलेला पाण्याचा वाट, भाताला न मिळणारा भाव, हे सगळं एकट्या काकांच्या हातून झालेलं नव्हतं. रात्री ओटीवर बसवत होतं ते दुसरं वाक्य. माझ्या चुलतभावानं पुस्तकातली ही एवढी गोष्ट उचलली आणि काकांशी महिना-दोन महिने बोलत राहिला. "बाबा, तुम्ही काय काय सांभाळलंत ते पण मोजा ना." ते दुसरं वाक्य हळूहळू ढिलं झालं. याचं श्रेय पुस्तकाला द्यायला हवं.

पहिलं वाक्य मात्र राहिलं. आणि माझं म्हणणं असं की ते राहायलाच हवं.

का, ते सांगतो. आई गेल्यावर वर्षभरात कुणी म्हणालं की मला आता काहीच वाटत नाही, तर आपण त्याला निरोगी म्हणत नाही. त्याचं आईशी काय होतं, अशी शंका घेतो. दुःख ही नात्याची पावती असते. नातं खरं असेल तर ते तुटताना दुखणारच, आणि दुखलं नाही तर नुकसान काय झालं याची नोंदच कुठं राहणार नाही. गावात खाचर किती होती, ओढा कुठून वाहत होता, हे सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांपेक्षा काकांसारख्यांच्या दुःखात जास्त नेमकं लिहिलेलं आहे. ते पुसलं तर पुढच्या पिढीला वाटेल की इथं पहिल्यापासून पत्रेच होते.

यावर कुणी म्हणेल, तुम्ही लोकांना दुःखी ठेवू पाहता. तसं नाही. झोप न लागलेल्या माणसाकडून नदीचंही भलं होत नाही. जो नैराश्यात बुडाला तो सभेत बोलत नाही, अर्ज लिहीत नाही, नातवाला ओढ्याची जागा दाखवत नाही. म्हणून मन सावरणं हे पहिलं काम आहेच. पण ते पहिलं काम आहे, शेवटचं नाही. पुस्तकं बहुधा तिथं थांबतात. मन शांत झालं की पुस्तक संपतं. गावात त्यापुढेच प्रश्न सुरू होतो.

दुसरी गोष्ट मला आमच्या गल्लीतल्या मागवाल्यांनी शिकवली. उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून आलेली ही माणसं. बारा-बारा तास मागावर, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि एका खोलीत आठ-दहा जण. त्यांचंही गाव आहे, त्यांचीही शेतं आहेत किंवा होती, पण हजार कोसांवर. त्यांतल्या एकानं खिडकीच्या गजाला तारेनं रंगाचा रिकामा डबा बांधला आणि त्यात तुळस लावली. पाळी संपवून आला की तो आधी त्या डब्यात पाणी घालतो, मग स्वतः पितो. त्यानं उलरिच वाचलेला नाही. पण उलरिचचं म्हणणं खरं असेल, तर त्यातून एक गोष्ट निघते जी या पुस्तकांत मला फारशी दिसली नाही. झाड दिसल्यानं माणूस बरा होत असेल, तर ज्या वस्तीत एकही झाड नाही तिथल्या माणसांचं औषध कुणीतरी अडवलेलं आहे. रस्त्याकडेचं झाड तोडणं म्हणजे नुसतं लाकूड तोडणं नाही. शंभर जणांच्या खिडकीपुढं विटांची भिंत बांधणं आहे. निसर्ग हे औषध आहे असं एकदा म्हटलं की ते पैसेवाल्यांनी सुट्टीत रिसॉर्टवर जाऊन प्यायचं आणि मागावरच्या माणसानं डब्यातल्या तुळशीवर भागवायचं, हे अन्यायाचंच झालं. मग तो प्रश्न मानसशास्त्राचा राहत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. मीरा-भाईंदरला विसाव्या मजल्यावर नळ सोडणारा माणूस मनात म्हणत असेल की आपला निसर्गाशी संबंधच उरला नाही. पण त्याच्या पेल्यातलं पाणी उल्हास नदीतून, आमच्या गावातून गेलेलं असतं. त्याचा संबंध दिवसातून वीस वेळा येतो. तुटला आहे तो संबंध नव्हे, त्याची जाणीव. 26 जुलै 2005 ला हीच उल्हास चढली आणि काठावरच्या वस्त्यांत शिरली, तेव्हा ती आहे हे सगळ्यांना कळलं. नातं हे आपल्याला काय वाटतं यावर अवलंबून नसतं. सख्ख्या भावाशी अबोला धरला म्हणून तो चुलत होत नाही.

मारुती चितमपल्लींची पुस्तकं मी या मनाच्या पुस्तकांच्या शेजारी ठेवतो ती याच कारणासाठी. वनखात्यात छत्तीस वर्षं काढलेला हा माणूस. त्यांच्या लिखाणात निसर्गापासून मला काय मिळालं याचा हिशोब कमी आणि हा पक्षी कोण, याला आदिवासी काय म्हणतात, याचं घरटं कसं असतं, याचीच चौकशी जास्त. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' 1956 चं. त्यातही बारा महिने आहेत, बारा उपाय नाहीत. मन शांत करण्याचं वचन ही पुस्तकं देत नाहीत, आणि वाचून मन शांत होतं. कारण वाचताना आपण स्वतःला थोडा वेळ विसरतो. मला वाटतं, निसर्ग जो काही गुण देतो त्यातला मोठा भाग हाच असावा : तिथं आपण मुख्य पात्र नसतो.

तुकोबांनी झाडावेलींना सोयरे मानलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण सोयरीक म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. सोयऱ्याकडे आपण मन रमवायला जातो हे खरं, पण त्याच्या लग्नाला आहेर न्यावा लागतो, त्याच्या मयताला खांदा द्यावा लागतो, त्याच्या पडत्या काळात धावून जावं लागतं. नुसताच पाहुणचार झोडणाऱ्याला कुणी सोयरा म्हणत नाही. जुन्या देवराया टिकल्या त्या याच हिशेबावर. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. तिथं झाड राखलं जात होतं ते मन प्रसन्न व्हावं म्हणून नव्हे, तर ते देवाचं आहे, आपलं नाही, म्हणून. त्यात भीती होती, अंधश्रद्धाही होती. पण 'हे माझ्या उपयोगासाठी नाही' ही एक शिस्तही होती. भीती जावी, शिस्त राहावी, एवढं जमलं तर पुरे.

काकांचं पुढे काय झालं ते सांगतो. माझी आत्या वाडा तालुक्यात दिलेली, कोलम भाताचा मुलूख तो. एका जुलैमध्ये तिच्याकडे लावणीला माणसं मिळेनात. काका निघाले. सगळ्यांनी अडवलं, "या वयात चिखलात कुठं?" ते गेले. आठ दिवस आवण वाहिलं, चिखलात उभे राहिले, कंबर धरली म्हणून शिव्या घातल्या. त्या आठ दिवसांत त्यांना गोळीशिवाय झोप लागली. पुढं दर साल जाऊ लागले. लावणीला एकदा, कापणीला एकदा. त्यांना निसर्गाचं सान्निध्य नको होतं. तिथं आपली गरज असायला हवी होती.

एकदा मी विचारलं, "काका, आता बरं वाटतं ना?" ते म्हणाले, "झोप लागते रं. पन जमीन गेली ती गेलीच. ती कुठं परत आली?" स्वर साधा होता. रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. पाऊस किती पडला हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. त्या स्वराला मी बरं होणं म्हणतो. खोटं वाक्य गळून गेलं होतं आणि खरं वाक्य जागेवर होतं.

मनाची पुस्तकं मी अजूनही वाचतो, पोरांनाही वाचायला देतो. देताना एवढंच सांगतो की पुस्तकातलं झाड वाचून झालं की आपल्या आळीतलं झाड बघा. आमच्या आळीत जुन्या विहिरीच्या कडेला एक उंबर उरला आहे. त्याच्याखाली बसलं की खरंच बरं वाटतं. पण त्याच्या बुंध्याभोवती परवा कुणीतरी सिमेंट ओतलं, आणि ते फोडून आळं मोकळं करायला पहार लागेल, दोन माणसं लागतील, शेजाऱ्याशी थोडी वादावादीही करावी लागेल. बसण्याआधी ते करायला हवं.